ट्यूबच्या पाठीवरचा मजकूर

गेल्या चैत्रात, ऊन डोक्यावर तापू लागले होते अशा एका दुपारी, आमच्या वहिनींनी जेवणाच्या टेबलावर सनस्क्रीनच्या दोन ट्यूब शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंत, तर यांतली कोणती लावू ते नीट समजावून सांगा." वहिनींच्या दोन्ही गालांवर गेली सहा-सात वर्षे वांगाचे डाग आहेत, आणि रोज सकाळी सनस्क्रीन लावल्याखेरीज त्यावरील कोणत्याही मलमाचा उपयोग नाही, असे डॉक्टरांनी त्यांना बजावून ठेवले आहे. पहिली ट्यूब ५० ग्रॅमची आणि ६०० रुपयांची होती. तिच्या दर्शनी बाजूस केशराची फुले, तांदळाचे पाणी आणि सोनेरी अक्षरांतला ५० हा आकडा झळकत होता. दुसरी ८० ग्रॅमची, किंमत ४०० रुपये, आणि अंगावर चित्र म्हणून काहीही नसलेली. आकडा तिच्यावरही ५० हाच होता. असा पेच आज घरोघरी पडतो, म्हणून त्या दुपारी वहिनींना जे सांगितले तेच येथे विस्ताराने मांडीत आहे.

ट्यूब हाती घेताच ती प्रथम उलटी करावी. दर्शनी मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो, तर पाठीवरचा मजकूर कायद्याच्या बंधनामुळे लिहावा लागतो. आपल्याकडे सनस्क्रीनची गणना सौंदर्यप्रसाधनांत होते, त्यास १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू आहे, आणि त्याखालील २०२० च्या नियमांनी घटकद्रव्यांच्या यादीचा क्रमही ठरवून दिलेला आहे: ज्यांचे प्रमाण शेकडा एकाहून अधिक आहे ती द्रव्ये उतरत्या भांजणीने आधी लिहावयाची, आणि शेकडा एक किंवा त्याहून कमी असलेली त्यानंतर, मात्र हव्या त्या क्रमाने. या नियमाचा ग्राहकाला फार मोठा उपयोग करून घेता येतो. बहुतेक याद्यांत फिनॉक्सीइथेनॉल नावाचे एक परिरक्षक द्रव्य आढळते, आणि युरोपीय कायद्याने त्याची कमाल मर्यादा शेकडा १ इतकीच ठेवलेली असल्यामुळे उत्पादकही सामान्यतः तिच्या आतच राहतात. तेव्हा या नावापाशी पेन्सिलीने रेघ मारावी आणि रेघेखालचे सारे जिन्नस बहुधा शेकडा एकाच्या आतले आहेत असे समजावे. वहिनींनी पहिल्या ट्यूबवर अशी रेघ मारली, तेव्हा केशर आणि तांदळाचा अर्क हे दोन्ही रेघेखाली, सुगंधद्रव्याच्याही मागे आढळले. केशराच्या गुणांविषयी माझी काहीच तक्रार नाही, परंतु ज्याचे नाव घेऊन माल विकला जातो त्याचा वाटा इतका अल्प असेल, तर त्यापायी जादा दाम का मोजावेत हा प्रश्न ग्राहकाने स्वतःस विचारलाच पाहिजे.

आता मुख्य द्रव्यांकडे वळण्यापूर्वी, ती कशाला अडवितात हे ध्यानात घेतले पाहिजे. पृथ्वीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन वर्ग आहेत. सुमारे २९० ते ३२० नॅनोमीटर लांबीच्या लहरींना यूव्हीबी म्हणतात. त्वचा लाल होणे आणि भाजणे हे मुख्यतः यांचे काम. ३२० ते ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी म्हणजे यूव्हीए. या त्वचेत अधिक खोल जातात, वर्ण काळवंडवितात, सुरकुत्या लवकर आणतात, आणि विशेष म्हणजे खिडकीच्या साध्या काचेतून, जेथे यूव्हीबी जवळजवळ अडून राहते, तेथून बऱ्याच प्रमाणात आत येतात. एसटीच्या चालकाचा खिडकीकडचा हात दुसऱ्या हाताहून काळवंडलेला असतो, त्याला उघड्या खिडकीचे ऊन जसे कारण आहे तसेच बंद काचेतून येणारे हे किरणही आहेत.

ट्यूबवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यत्वे पहिल्या वर्गाविषयी बोलतो. उघडी त्वचा लाल व्हावयास किरणांची जितकी मात्रा लागते, तिच्या किती पट मात्रा लेप लावलेल्या त्वचेस लागते, त्याचे ते गुणोत्तर होय. १५ आकड्याचा लेप यूव्हीबीपैकी सुमारे ९३ टक्के अडवितो, ३० आकड्याचा सुमारे ९७ टक्के आणि ५० आकड्याचा सुमारे ९८ टक्के. म्हणजे ३० आणि ५० यांत दर्शनी आकड्यांवरून वाटते तितके अंतर नाही. हा आकडा म्हणजे उन्हात थांबण्याच्या मिनिटांची मुभा असेही कोणी मानू नये, कारण मोजमाप किरणांच्या मात्रेचे आहे, आणि सकाळी आठ वाजता तासाभरात मिळणारी मात्रा वैशाखातल्या भर दुपारी फार थोड्या वेळात अंगावर येते.

यूव्हीएसाठी निराळी खूण पाहावी लागते. जपानमधील सौंदर्यप्रसाधन-उत्पादकांच्या संघाने १९९६ साली पीए ही पद्धत सुरू केली आणि आपल्या बाजारातही तीच रूढ झाली आहे. पीए या अक्षरांपुढे जितकी अधिकचिन्हे, तितके यूव्हीएपासूनचे संरक्षण अधिक: तीन चिन्हांचा अर्थ संरक्षणाचा गुणांक ८ ते १६ यांच्या दरम्यान, आणि चार चिन्हांचा अर्थ १६ किंवा त्याहून वर. युरोपीय आयोगाची शिफारस अशी आहे की यूव्हीएपासूनचे संरक्षण एसपीएफच्या निदान एकतृतीयांश तरी असावे. आता हिशेब करून पाहा. ५० चा तृतीयांश जवळजवळ १७ होतो, आणि तीन चिन्हांची मर्यादा १६ खालीच संपते. म्हणजे पुढे एसपीएफ ५० आणि त्याजोडीला तीनच अधिकचिन्हे असलेली ट्यूब त्या शिफारशीत बसत नाही. वहिनींची पहिली ट्यूब नेमकी अशी होती. दुसरीवर चार चिन्हे होती. ५० आकड्याची ट्यूब घेणाऱ्याने चौथे चिन्ह अवश्य शोधावे, आणि युरोपातून आलेल्या ट्यूबवर ही चिन्हे नसल्यास वर्तुळात लिहिलेली यूव्हीए ही अक्षरे पाहावीत.

यानंतर यादीतली ती लांबलचक नावे. ती पाहून पुष्कळ लोक धीर सोडतात. वास्तविक ओळखून ठेवावयाची नावे दहा-बारांहून अधिक नाहीत, आणि भाजीबाजारात ज्या नजरेने आपण मेथी आणि शेपू वेगळे करतो तितक्याच सरावाने ती वेगळी करता येतात. ट्यूबवर ती इंग्रजी लिपीत असतात. येथे देवनागरीत देतो, ती एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत म्हणजे छापलेली पाहताच ओळखू येतील.

सर्वांत प्रथम यूव्हीए अडविणारे द्रव्य शोधावे, कारण यूव्हीबी अडविणारे काही ना काही प्रत्येक ट्यूबमध्ये असतेच. यूव्हीएसाठी जुने आणि सर्वत्र चालणारे द्रव्य म्हणजे अॅव्होबेन्झोन, ज्याचे यादीतले नाव ब्युटिल मिथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन असे असते. त्याची शोषणशक्ती उत्तम, पण ज्या उन्हापासून रक्षण करावयाचे त्या उन्हातच ते स्वतः विघटित होते, हा त्याचा मोठा दोष. म्हणून त्याला सांभाळणारा सोबती लागतो. ऑक्टोक्रिलीन हा असा एक सोबती, आणि बेमोट्रिझिनॉल, म्हणजे यादीतले बिस-इथिलहेक्झिलॉक्सीफिनॉल मिथॉक्सीफेनिल ट्रायझिन, हा त्याहून गुणवान, कारण तो अॅव्होबेन्झोनला आवरतो आणि स्वतःही दोन्ही वर्गांचे किरण अडवितो. उलट ऑक्टिनॉक्सेट, म्हणजे इथिलहेक्झिल मिथॉक्सीसिनामेट, हे यूव्हीबीचे अतिपरिचित आणि स्वस्त द्रव्य प्रकाशात अॅव्होबेन्झोनशी संयोग पावते आणि दोघांचीही शक्ती उणावते. वहिनींच्या पहिल्या ट्यूबमध्ये हीच जोडी होती आणि सांभाळणारा तिसरा कोणी नव्हता. अशी ट्यूब निरुपयोगी असते असे मी म्हणणार नाही, कारण उत्पादकाने मिश्रण कसे साधले आहे हे यादीवरून पुरते कळत नाही, आणि छापलेला आकडा अखेर सबंध मिश्रणाचा असतो. तथापि दोन ट्यूबांत निवड करावयाची असता ही जोडी असलेली मी मागे ठेवीन.

दुसऱ्या ट्यूबच्या यादीत डायइथिलअमिनो हायड्रॉक्सीबेन्झॉइल हेक्झिल बेन्झोएट हे भारदस्त नाव पाचव्या स्थानी होते. यूव्हीए अडविणारे आणि उन्हात टिकणारे हे द्रव्य आहे. त्याच्या खालोखाल इथिलहेक्झिल ट्रायझोन होते, जे थोड्या प्रमाणातही यूव्हीबी भरपूर शोषते, आणि त्याखाली वर सांगितलेले बेमोट्रिझिनॉल. यांतील कोणतेही दुसऱ्याला मारक नाही. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा वाचकांना एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या देशात सनस्क्रीन हे औषध मानले जाते, १९९९ साली ठरविलेल्या तेथील यादीत १६ च द्रव्ये होती, आणि युरोपात व आपल्याकडे रुळलेली ही नवी द्रव्ये तेथील दुकानांत दीर्घकाळ आलीच नाहीत. तेव्हा मुलाने न्यू जर्सीहून धाडलेली ट्यूब केवळ परदेशी म्हणून येथल्या ट्यूबपेक्षा सरस ठरत नाही. तेथील एक पद्धत मात्र अनुकरणीय आहे: औषध असल्यामुळे प्रत्येक फिल्टरचे, म्हणजे किरण अडविणाऱ्या द्रव्याचे, टक्केवार प्रमाण पाठीवर छापणे तेथे सक्तीचे आहे.

आता झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या खनिज द्रव्यांविषयी. ही आरशाप्रमाणे किरण परतवितात असे जाहिरातींत वारंवार सांगितले जाते, परंतु अतिनील किरणांच्या बाबतीत त्यांचेही मुख्य कार्य शोषणाचेच आहे, परावर्तन अगदी थोडे. झिंक यूव्हीएमध्ये दूरवर पोचते, टायटॅनियमचा जोर यूव्हीबीवर आणि नजीकच्या यूव्हीएवर. नाजूक, चटकन पुरळ उठणाऱ्या त्वचेस ही मानवतात, आणि डोळ्यांच्या कडेला झोंबणेही यांत कमी असते. अडचण आपल्या वर्णाची आहे. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर झिंकचा पुरेसा थर राखुंडी फासल्यासारखा दिसतो, मग माणूस लाजेने तो पातळ लावतो आणि संरक्षण जाते. 'केमिकल-फ्री' असे लिहिलेल्या खनिज ट्यूबच्या यादीत ब्युटिलॉक्टिल सॅलिसिलेट हे नाव आहे का, तेही पाहावे; कायद्याच्या यादीत ते फिल्टर म्हणून नसले, तरी यूव्हीबी शोषणाऱ्या सॅलिसिलेटांच्याच कुळातले ते आहे. त्यात धोका नाही. ज्याला केवळ खनिजच हवे आहे त्याला ते ठाऊक मात्र असावे. घरोघरी असणाऱ्या गुलाबी कॅलॅमाईनमध्येही झिंक ऑक्साइडच असते, म्हणून काही जण तेच उन्हात लावतात. पण त्याचा थर त्वचेवर एकसारखा बसत नाही, आणि उन्हासाठी त्याची चाचणी झालेली नसते, तेव्हा ते घामोळ्यांपुरतेच ठेवावे.

रासायनिक द्रव्यांच्या भीतीविषयीही वहिनींनी विचारले, कारण त्यांच्या मोबाईलवर तसला मजकूर सतत येतो. खरी हकीकत अशी आहे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत अॅव्होबेन्झोन, ऑक्सीबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन इत्यादी द्रव्ये अंगाच्या बऱ्याच मोठ्या भागास लावल्यावर रक्तात दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळली. ही मर्यादा अपायाची नाही. तिच्यावर गेलेल्या द्रव्याची पुढील तपासणी करावी, एवढाच तिचा अर्थ. युरोपाने आपल्या परीने बंधने घातली आहेत: २०२२ च्या नियमाने होमोसॅलेट चेहऱ्यावरच्या लेपांपुरते आणि ७.३४ टक्क्यांपर्यंत, तर ऑक्सीबेन्झोन अंगावरच्या लेपांत २.२ टक्क्यांपर्यंतच ठेवावयाचे आहे. ऑक्सीबेन्झोनने काहींना उन्हात खाज आणि चट्टे उठतात हेही जुने अनुभवसिद्ध आहे, आणि हवाई बेटांनी प्रवाळांच्या रक्षणासाठी त्याच्या आणि ऑक्टिनॉक्सेटच्या विक्रीस २०२१ पासून मनाई केली आहे. माझे मत असे की ऑक्सीबेन्झोन, जे यादीत बेन्झोफिनोन-३ म्हणून येते, ते टाळणे आज सहज शक्य आहे, तर टाळावे. गरोदर स्त्रियांनी खनिज द्रव्ये निवडावीत. सहा महिन्यांच्या आतील बाळास लेप न लावता सावलीतच ठेवावे. आणि इतरांनी या भीतीपायी सनस्क्रीनच सोडून देऊ नये.

वहिनींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच होती. वांगाचे डाग केवळ अतिनील किरणांनी गडद होत नाहीत. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्याची जांभळी-निळी बाजू, रंगद्रव्य वाढवितो. जो लेप लावल्यावर पूर्ण पारदर्शक दिसतो, तो दृश्य प्रकाश अडवीत नाही हे उघडच आहे, कारण अडविला असता तर तो पारदर्शक दिसलाच नसता. यासाठी आयर्न ऑक्साइड, म्हणजे काव आणि गेरू यांच्याच जातीची लोहद्रव्ये, घातलेला त्वचेच्या रंगाचा लेप लागतो. यादीच्या शेवटी ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ असे क्रमांक असतात. ते अनुक्रमे तांबडे, पिवळे आणि काळे आयर्न ऑक्साइड होत. वहिनींनी चष्मा लावून दुसऱ्या ट्यूबच्या तळाशी ते तिन्ही क्रमांक बोटाने दाखविले. पहिलीवर ते नव्हते. गौरवर्णीयांच्या देशांत सनस्क्रीनचा आग्रह मुख्यतः त्वचेच्या कर्करोगाच्या भयाने धरला जातो; आपल्या त्वचेतील मेलॅनिनमुळे तो रोग आपल्याकडे पुष्कळ कमी आहे, आणि आपली गरज बहुशः वांग, काळे डाग आणि काळवंडणे यांची आहे. तेव्हा आपल्या खरेदीत चार अधिकचिन्हे आणि हे तीन क्रमांक यांना एसपीएफच्या आकड्याहून मोठे स्थान द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मग मी वहिनींना रोजच्या सवयीप्रमाणे लेप काढावयास सांगितले. त्यांनी हरभऱ्याएवढा ठिपका बोटावर घेतला. स्वयंपाकघरात मसाला तोलण्याचा जो लहान काटा आहे, त्यावर बशीत तो तोलला तर ०.४ ग्रॅम भरला. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावलेला असतो. चेहरा आणि गळा मिळून सुमारे ६०० चौरस सेंटीमीटर धरले, तर १.२ ग्रॅम लागतात. म्हणजे वहिनी तिसरा हिस्सा लावीत होत्या, आणि थर पातळ झाला की संरक्षण निदान त्याच प्रमाणात उतरते, तेव्हा ५० च्या ट्यूबमधून त्यांच्या गालांवर फार तर सोळा-सतरा पोचत होते. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीभर दोन रेघा ओढाव्यात, हे माप साधारण बरोबर उतरते. घामाने आणि पदराने पुसून गेल्यावर, आणि बाहेर असल्यास दर दोन तासांनी, तेवढाच पुन्हा लावावा.

किमतीची तुलनाही याच मापाने करावी लागते. पहिल्या ट्यूबचा दर ग्रॅमला १२ रुपये पडतो, म्हणजे एका वेळेस १४ रुपये ४० पैसे, आणि ती ४१ वेळा पुरते. दुसरीचा दर ५ रुपये, एका वेळेस ६ रुपये, आणि ती ६६ वेळा पुरते. महाग ट्यूब घरात आली की हात आखडता होतो, हा माझा अनेक घरांतला अनुभव आहे. जी ट्यूब पुरेशी लावणे खिशाला परवडते तीच घ्यावी, आणि उरलेल्या पैशांतून रुंद काठाची टोपी किंवा घट्ट विणीची छत्री घ्यावी, कारण तिला दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही.

शेवटी किरकोळ पण आवश्यक तपशील. उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहून घ्यावी. ऑक्टोक्रिलीन असलेल्या ट्यूबमध्ये काळ लोटल्यावर बेन्झोफिनोन हे नको असलेले द्रव्य वाढत जाते असे आढळले आहे, म्हणून तसली ट्यूब मुदतीपलीकडे एक दिवसही ठेवू नये. आणि कोणतीच ट्यूब स्कूटरच्या डिकीत किंवा मोटारीच्या काचेपाशी तापत ठेवू नये. नवीन लेप प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस चार-पाच दिवस लावून पाहावा, आणि खाज किंवा पुरळ आल्यास यादीतल्या सुगंधद्रव्यावर प्रथम संशय घ्यावा.

वहिनींनी दुसरी ट्यूब ठेवली, तिच्या शेपटाशी पेनाने त्या दिवसाची तारीख घातली, आणि पहिली दादांना देऊन टाकली. ते रोज सकाळी बागेत काम करण्यापूर्वी ती दोन्ही हातांना सढळपणे लावतात, आणि तिचा वास त्यांना आवडतो.